नव्या खोलीतली शेगडी

आत्याबाई घरी यायची ती आधी आवाजानं यायची. एस.टी. तिला फाट्यावर सोडायची, तिथून आमचं घर चांगलं लांब. पण वाटेत जो भेटेल त्याची विचारपूस करत ती येई, त्यामुळं ती गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आतच माझी माय चुलीवर चहाचं आधण ठेवायची. कुणाच्या पायाची जखम भरली का, कुणाची सून गोळ्या खाते की उकिरड्यावर फेकते, कुणाचा म्हातारा अजून बिडी ओढतो का, हे सगळं भर रस्त्यात, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं. नलू आत्याबाई म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती सिस्टर होती, आणि आपण चांगली सिस्टर आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाजणं-मुरकणं तिच्या स्वभावातच नव्हतं. "माह्या हाताले कळते," असं म्हणून ती खरोखरच हात पुढं करून दाखवायची. जाडजूड हात, कायम साबणाचा वास येणारा. तो कपाळावर पडला की ताप अर्धा उतरल्यासारखं वाटायचं, आणि उरलेला अर्धा तिच्या बोलण्यानं पळून जायचा.

मी पुढं नर्स झाले, मग नर्सिंगच्या पोरींना शिकवण्यात केस पांढरे केले. पुस्तकं पुष्कळ वाचली, शिकवलीही. पण 'रोग्याकडं बघायचं कसं' हे मला कुणी शिकवलं असं विचाराल तर मी पुस्तकाचं नाव सांगणार नाही. मी त्या हिवाळ्याबद्दल सांगेन, जेव्हा माझी थोरली बहीण सुमनअक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

तो हिवाळा कापसाचा होता. आमच्या जुन्या घरातली मोठी खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. भाव वाढेल म्हणून बाबांनी माल अडवून ठेवला होता. बाबा शाळामास्तर, शेती वाट्यानं दिलेली, पण भावाच्या बाबतीत ते स्वतःला व्यापाऱ्याचे बाप समजत. घरभर तो कोरडा, उबदार, जरासा तेलकट वास. भाकरीत तंतू, भाजीत तंतू, बाबा पहाटे वंदना म्हणायला बसले की मधेच शिंकायचे आणि माय चुलीपाशी हसायची. रात्री बाबा त्या कापसाच्या उंबऱ्याशीच झोपत, म्हणजे उंदीर आणि ठिणगी दोन्हींवर लक्ष राहील. त्या खोलीत रॉकेलची चिमणी न्यायचीही बंदी होती.

आता आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची म्हणजे ठेवायचीच. सव्वा महिना शेक हवा, नाहीतर कंबर जन्मभर सुटते, असं सगळ्या बायका एकमुखानं सांगत. कापसाशेजारी शेगडी ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून अक्काला नव्या खोलीत ठेवायचं ठरलं, आणि माय मनातून खूश झाली. ही नवी खोली म्हणजे आमच्या घरचा मोठा अभिमान. बाबांनी त्याच दिवाळीत बांधून काढलेली, वर स्लॅब, भिंतींना आकाशी रंग, काचेच्या तावदानांच्या खिडक्या आणि आत ट्यूबलाइट. आमच्या वस्तीत पहिला स्लॅब आमचाच. गवंड्यानं झरोका ठेवू का म्हणून विचारलं होतं, तर बाबा म्हणाले, चिमण्या घाण करतात, राहू दे.

माझ्या मायनं त्या खोलीचा काय थाट केला म्हणून सांगू. खिडक्यांच्या फटींतून गार वारा येतो म्हणून घरचाच कापूस घेऊन एकेक फट तिनं बोटानं दाबून भरली. दाराखालच्या फटीला जुनी गोधडी लावली. गोवऱ्यांच्या धुरानं आकाशी रंग काळा होईल म्हणून बाबांनी कुरकुर केली, तर तिनं मोताळ्याच्या बाजारातून इस्त्रीवाल्यांचा लाकडी कोळसा मागवला. तो निखारा लालभडक आणि धूर नावाला नाही. शेजारच्या बाया येऊन बघून गेल्या, म्हणाल्या, "कौसल्या, लेकीले राजवाड्यात ठेवलं बाप्पा." त्या दिवशी मायनं डिंकाचे लाडू जरा जास्तच तूप घालून वळले. सुंठ, खोबरं, तुपात फुललेला डिंक, अंगणातल्या चुलीवर उकळणारं न्हाणाचं पाणी, शेपूच्या भाजीचा उग्र वास, बाळाच्या अंगाला ओव्याची धुरी. ते दिवस आठवले की मला आधी वासच आठवतात. मीही संध्याकाळी पुस्तकं घेऊन त्याच खोलीत बसायची. मॅट्रिकचं वर्ष होतं, आणि ट्यूबलाइट तिथंच होता.

बाळंतपण आत्याबाईच्या दवाखान्यात झालं होतं, सुखरूप. मुलगा. आत्याबाईनं त्याला पायाला धरून उलटा केला तेव्हा तो असा काही ओरडला की म्हणे बाहेर उभे असलेले बाबा दचकले. घरी आल्यावरही पहिले काही दिवस त्यानं सगळ्यांना जागवलं. मग थंडी वाढली, खोलीची दारं-खिडक्या घट्ट झाली, शेगडीत कोळसा वाढला, आणि अक्काचं डोकं दुखायला लागलं.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. बाळंतिणीचं डोकं दुखतंच. मग ती लाडू नको म्हणायला लागली, एकदा खाल्लेलं उलटून पडलं, बोलताबोलता डोळे मिटायला लागली. मायनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, कपाळाला सुंठ उगाळून लावली, आणि थंडी बाधली असेल म्हणून शेगडी जरा जास्त भरली. लेकीचं दुखणं वाढलं की ती माउली शेक वाढवायची, आणि शेक वाढला की दुखणं वाढायचं.

आत्याबाई आली तो रविवार होता, दुपारची वेळ. सुटीच्या दिवशी बाळंतिणीला बघून जाऊ म्हणून आलेली. हातात कापडी पिशवी, पिशवीत ब्लडप्रेशरचं मशीन. ते तिचं स्वतःचं, आणि देवाचे टाक न्यावेत तसं ती ते सगळीकडं न्यायची. चहा घेऊन ती अक्काच्या बाजेवर टेकली आणि नेहमीसारखी बोलायला लागली. अक्का हसली, पण अर्धवट.

"काय व सुमन, नवऱ्याची आठवन येऊन राह्यली का?"

"डोकं दुखते, आत्याबाई."

आत्याबाई बोलायची थांबली नाही, पण तिचे हात कामाला लागले. मी अभ्यासाच्या पाटावरून बघत होते. ताप बघितला, नव्हता. पट्टा बांधून प्रेशर बघितलं, दोनदा बघितलं. बाळंतिणीचं डोकं दुखलं की आधी प्रेशर बघायचं, ते चढलं तर झटके येतात, हे मी पुढं शिकले. प्रेशर ठीक होतं. पोट दाबून बघितलं, अंगावर जातं किती ते विचारलं, खालची पापणी ओढून बघितली. "रक्त कमी हाये जरासं," ती म्हणाली, पण तिचं तिलाच पटलेलं दिसलं नाही. ते उत्तर तिनं बाजूला ठेवून दिलं, आणि पुन्हा अक्काकडं बघत बसली. मी आजही पोरींना सांगते की सापडलेलं पहिलं उत्तर खिशात घालून घरी जायचं नसतं. लोकांना वाटतं हुशारी म्हणजे झटकन ओळखणं. मी बघितलेली हुशारी ही अशी बसून राहिलेली होती.

तेवढ्यात माय कौतुकानं म्हणाली, "पोट्टं मात्र लय गुनाचं हाये, बाई. कालपासून रडतच नाही."

आत्याबाईनं मान वळवली. "रडतच नाही?"

"नाही ना. जराकसं दूध पेते अन् झोपून जाते. पह्यले किती तरास देत होतं."

आत्याबाईनं दुपट्यात हात घालून बाळाचा तळवा काढला आणि त्याला बोटानं टिचकी मारली. कुठलंही बाळ पाय झटकून भोकाड पसरेल. आमच्या बाळानं पाय सावकाश आखडला, तोंड वाकडं केलं, आणि परत झोपलं. आत्याबाईनं पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तसंच.

मग ती हळू आवाजात बोलायला लागली. तिला तसं बोलताना मी त्याआधी एकदाच ऐकलं होतं, आजोबा गेले त्या दिवशी.

"कौसल्या, तुह्या डोक्याले फडकं काऊन बांधलं?"

"दुखते कालपासून. जागरन हाये ना, बाई."

"शाले, तुहं?"

मी म्हटलं, "दुखते. संध्याकाळी वाचायले बसली की दुखते."

"शाळेत दुखते?"

मी आठवून बघितलं. शाळेत दुखत नव्हतं. फाट्यापर्यंत चालत गेलं की थांबून जायचं, आणि मला वाटायचं गणिताच्या पुस्तकानंच दुखतं. मी तसं सांगितलं. आत्याबाई हसली नाही.

"अन् हिले बरं कवा वाटते?"

"सकाळी न्हानीत," माय म्हणाली. "बाहेर ऊन ऊन पानी घेतलं की हुशार होते. तिथंच बसून भाकर बी खाते. मंग आत आली की पुन्हा डोकं धरते."

"मास्तरचं दुखते का?"

"त्याह्यले काय झालं? ते तिकडं कापसापाशी झोपते."

आत्याबाईनं खोलीभर नजर फिरवली. खिडकीच्या फटीतला पांढरा कापूस, दाराशी गोधडी, बाजेखाली लाल निखारा. मग तिनं स्वतःच्या कपाळावर हात ठेवला. नंतर तिनं मला सांगितलं, आल्यापासून तिचंही डोकं जड झालं होतं आणि तिनं त्याचा दोष उन्हाला दिला होता.

कोळशाच्या आचेतून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा अडवून बसतो, आणि माणूस धाप न लागता, आरडाओरडा न करता झोपी जातो. धूर असता तर आम्ही खोकलो असतो, दार उघडलं असतं. आता बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघतात, आणि माझ्या विद्यार्थिनींचा त्या चिमट्यावर फार विश्वास. त्यांना मी सांगते, बायांनो, या वायूला तो साधा चिमटाही फसतो, आकडा चांगलाच दाखवतो. तिथं विचारावंच लागतं की घरात अजून कुणाचं डोकं दुखतं, आणि बाहेर गेल्यावर थांबतं का. मागं एकदा न्हाणीघरात गॅसचा बंब लावलेल्या घरातली पोरगी चक्कर येऊन आमच्या वॉर्डात आली, तेव्हा तिच्या मैत्रिणीला मी हेच विचारलं होतं.

त्या दुपारी आत्याबाईनं यातलं काहीच समजावून सांगितलं नाही. मला म्हणाली, "शाले, खिडक्या उघड, उघडल्या नाही तं काच फोड." आणि बाळाला उचललं. तर माय दारात आडवी. माझी माय कधी कुणाला आडवी गेली नव्हती, नणंदेला तर नाहीच. पण त्या दिवशी तिनं दोन्ही हात चौकटीला लावले.

"बाई, अजून सव्वा मयना नाही झाला. बाहेर थंडी हाये. लेकराले वारा लागीन."

आत्याबाईला तिला बाजूला ढकलता आलं असतं. अंगानं ती दुप्पट होती. दवाखान्यात नातेवाइकांना ती कशी ढकलायची ते मी बघितलेलं होतं. पण तिनं पुढं होऊन बाळ मायच्या हातात दिलं.

"हे घे," ती म्हणाली. "तूच घे. निंबाखाली उन्हात बस, पदरात गुंडाळ, तोंड तेवढं उघडं ठेव. वारा लागीन तं तुह्या पाठीले लागीन, त्याले नाही. त्याले तुह्याइतकं कोनी जपनार नाही, मी बी नाही. जाय."

मायचे हात चौकटीवरून सुटले. ती बाळाला घेऊन निघाली ती थेट निंबाखाली जाऊन उन्हाकडं पाठ करून बसली. मग आत्याबाईनं आणि मी अक्काला काखेत धरून बाहेर आणलं. तिचे पाय लटपटत होते. आत्याबाईनं शेगडी चिमट्यानं ओढून अंगणात लोटली, आणि मग तिला तिचा मोठा आवाज परत आला. "मास्तर, कापूस सोड अन् जीप पाह्य कोनाची तरी."

गावातल्या एका भुसार व्यापाऱ्याची जीप मिळाली. मागं मी, अक्काचं डोकं माझ्या मांडीवर, समोर बाळाला घेऊन माय, तिच्या शेजारी आत्याबाई. ताडपत्री सोडून टाकलेली, गार वारा आरपार. आत्याबाईची बोटं बाळाच्या छातीवर होती. ती गावाबद्दल, रस्त्याबद्दल, ड्रायव्हरच्या बायकोच्या कंबरदुखीबद्दल बोलत होती, पण बोटं हलत नव्हती. मायच्या ओठांची हालचाल मला दिसत होती, आणि मी पहिल्यांदाच मनात म्हटलं की हे बाळ मरू शकतं. अक्का मरू शकते. मला इतकी भीती त्यानंतर कधी वाटली नाही.

पुलाच्या अलीकडं रस्ता खराब होता. जीप आदळली, आणि बाळ रडलं. आधी कुईकुई, मग थांबलं, मग असं रडलं की ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. लाल तोंड, मुठी आवळलेल्या. मायनं सवयीनं त्याला थोपटायला सुरुवात केली, "उगी उगी, माह्या राजा."

"नोको उगी करू," आत्याबाई म्हणाली. "रडू दे त्याले. आज त्याले गावभर रडू दे." आणि तिनंच डोळ्यांना पदर लावला.

दवाखान्यात डॉक्टरसाहेब होते. आत्याबाईनं त्यांना दोनचार वाक्यांत सगळं सांगितलं, कोण कुठं झोपतं आणि कुणाचं डोकं दुखायचं कुठं थांबतं. त्यांनी तिला मधे तोडलं नाही. ऐकता ऐकताच त्यांनी प्राणवायूची नळी लावायला घेतली, आणि म्हणाले, "सिस्टर, बाहेर काढलंत तेव्हाच निम्मं औषध झालं." ती म्हणाली, "ते तं मले मालूमच हाये, सर." दोघंही एकमेकांच्या कामावर खूश असायचे, आणि ते लपवायचे नाहीत. अशी जोडी पुढं माझ्या नोकरीत मला फार कमी बघायला मिळाली.

अक्का आणि बाळ काही दिवस तिथं राहिले. माय व्हरांड्यात बसून राहायची. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती आत्याबाईसमोर हात जोडून बसली होती. "बाई, माह्या हातानं..." एवढंच म्हणायची आणि थांबायची.

आत्याबाईनं तिचे हात खाली केले. "माह्या मायनं तुह्या खाली शेगडी ठेवली होती का नाही? हे सुमन झाली तवा? काय झालं तुले? त्या घराले भोकं होते. या घराले भोकंच नाही. घर कोनं बांधलं? माह्या भावानं. तुले भांडाचं असन तं त्याच्यासंगं भांड, मी बी येतो भांडाले." आणि ती खरंच भांडली. बाबांनी पुढच्याच आठवड्यात गवंडी बोलावून दारावर झरोका फोडला. गावात कुणी विचारलं की आत्याबाई झरोक्याचंच सांगायची. ज्या ज्या घरी नवा स्लॅब पडला तिथं ती आगंतुकासारखी घुसून भिंतीला भोक आहे का बघायची. मायला तिनं शेकायला रबरी पिशवी आणून दिली, आणि शेगडीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

आत्याबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या मयताला माणसं किती होती ते मोजत बसले नाही, पण रडण्यापेक्षा तिच्या गोष्टी सांगणारेच जास्त होते. अक्काचा तो मुलगा नांदुऱ्याला असतो, आणि एकदा बोलायला लागला की कुणाचं ऐकत नाही. आत्याबाईवर गेलाय.

गेल्या हिवाळ्यात माय अंथरुणाला खिळली. मी तिच्याजवळ त्याच खोलीत राहिले. आकाशी रंग केव्हाच गेला, झरोक्यात चिमण्यांनी घर केलंय आणि खाली काड्या पडतात. एका सकाळी मी तिचं अंग पुसत होते तर ती म्हणाली, "तू तं पोरींले शिकवते. खरं सांग मले. तवा माह्या शेगडीनंच झालं होतं ना?"

मी हात थांबवला. इतक्या वर्षांत वर्गात ही गोष्ट मी कितीदा सांगितली, आणि शेगडी कुणी पेटवली होती असं पोरींनी विचारलं की 'घरच्यांनी' असं म्हणून पुढं गेले. आता ती माझ्याकडं बघत होती आणि खोटं बोलावं असं मला वाटेना.

"हाव, माय," मी म्हटलं. "शेगडीनंच."

तिनं मान हलवली. "मले मालूम होतं. बाईनं मले कधी तसं म्हटलं नाही, म्हनूनच मालूम होतं." ती वर झरोक्याकडं बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात छातीशी धरले, काहीतरी जपून धरावं तसे.

"पन लेकरू तिनं माह्याच हातात देलं होतं," ती म्हणाली.